बोलते कोण, ऐकते कोण? : 'ब्र'च्या निमित्ताने कादंबरीतील स्त्री वाचताना

'कादंबरीतील नायिकेचे स्वभावचित्र रेखाटा' हा प्रश्न आपल्या मराठीच्या प्रश्नपत्रिकांत वर्षानुवर्षे येत आला आहे. त्याची उत्तरेही ठरून गेली आहेत. जुन्या कादंबरीतील नायिका सोशिक, त्यागी, कुटुंबवत्सल असते. नव्या कादंबरीतील नायिका बंडखोर, खंबीर, स्वाभिमानी असते. विशेषणे बदलली, पण वाचण्याची रीत तीच राहिली. दोन्ही प्रकारच्या उत्तरांत आपण त्या बाईला एक दाखला देऊन मोकळे होतो. ती कशी आहे एवढेच सांगतो. ती तशी कुणाच्या शब्दांत दिसते, तिचे म्हणणे पानावर किती येते आणि ते ऐकणारे कोण असते, हे प्रश्न मागे राहतात.

स्त्रीवादी वाचन म्हणजे खंबीर नायिकांचा शोध, असा एक समज विद्यार्थ्यांत आणि काही अंशी शिक्षकांतही दिसतो. प्रस्तुत लेखाचा आग्रह वेगळा आहे. कादंबरीत बोलणे आणि ऐकले जाणे यांची वाटणी कशी झाली आहे, हे तपासणे हा स्त्रीवादी वाचनाचा सर्वांत उपयोगी मार्ग आहे. तो दाखवण्यासाठी कविता महाजन यांची 'ब्र' ही कादंबरी मुख्य उदाहरण म्हणून घेतली आहे.

वाचनाची पूर्वपीठिका

स्त्रीवादी समीक्षेचा आरंभ सांगताना आपण सहसा सिमोन द बोव्हार यांच्या १९४९ च्या 'द सेकंड सेक्स'पासून सुरुवात करतो, मग केट मिलेट यांचे 'सेक्शुअल पॉलिटिक्स' (१९७०) आणि एलेन शोवॉल्टर यांचे 'अ लिटरेचर ऑफ देअर ओन' (१९७७) यांच्याकडे येतो. या ग्रंथांचे महत्त्व आहेच. मिलेट यांनी पुरुष लेखकांनी रंगवलेली स्त्री तपासली. शोवॉल्टर यांनी स्त्रियांच्या स्वतःच्या लेखनपरंपरेकडे लक्ष वेधले. परंतु मराठी वाचकाला याहून जवळची एक सुरुवात उपलब्ध आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध केली. स्त्रियांवर लादल्या जाणाऱ्या दोषांचा हिशेब मांडताना ताराबाई धर्मग्रंथांबरोबर त्या काळच्या कथा-नाटकांतील स्त्रीचित्रणालाही जाब विचारतात. वाङ्मयातली बाई कुणी आणि कोणत्या हेतूने घडवली, हा प्रश्न मराठीत इतका जुना आहे.

त्यानंतर लवकरच हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. यमुनेची ही कहाणी तिच्याच तोंडून सांगितली आहे. वैधव्यानंतर बळजबरीने केलेल्या केशवपनापर्यंत तिच्यावर जे कोसळते, ते ती 'मी' म्हणून सांगते. लेखणी पुरुषाची, आवाज स्त्रीचा अशी ही रचना आहे. इथे मराठीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्रजीत 'मी' बोलू लागला की तो पुरुष की स्त्री हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत 'मी गेले', 'मी म्हणाले' असे लिहिताच बोलणारी बाई होते. आपट्यांना कादंबरीभर जागोजागी हा स्त्रीलिंगी प्रत्यय जपावा लागला. शीर्षकातला प्रश्न मात्र बोलण्याचा नाही, ऐकण्याचा आहे. यमुना बोलते, पण लक्षात कोण घेतो?

१९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आणि १९३४ मध्ये 'हिंदोळ्यावर' ही पुस्तके 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने आली, तेव्हा गदारोळ उठला. लिहिणारी खरेच बाई आहे का, असेल तर कोण, याचीच चर्चा अधिक झाली. नवऱ्याने टाकलेली अचला विवाहाच्या बंधनाबाहेर प्रेम आणि मातृत्व मागते, या आशयापेक्षा हे म्हणण्याचा अधिकार कुणाला, हा वादाचा मुद्दा ठरला. मालतीबाई बेडेकरांना टोपणनाव का घ्यावे लागले, हे समजून घेतल्याशिवाय अचलेचे स्वभावचित्र पुरे होत नाही.

'ब्र' हा शब्द

कविता महाजन (१९६७–२०१८) मूळच्या नांदेडच्या. त्या कवयित्री, कादंबरीकार आणि अनुवादक होत्या. इस्मत चुगताई यांच्या कथांच्या 'रजई' या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. 'ब्र' २००५ मध्ये आली. एचआयव्हीग्रस्तांच्या जगाविषयीची 'भिन्न' ही त्यांची पुढची कादंबरी.

शीर्षकापासूनच वाचन सुरू करता येते. मराठीत 'ब्र' हा शब्द एकटा वावरत नाही. 'ब्र काढला नाही', 'ब्र काढशील तर बघ', 'ब्र काढायची सोय नाही' अशाच रूपांत तो आपल्याला भेटतो. म्हणजे तोंडातून निघू शकणारा लहानात लहान उच्चार, आणि तोही नकाराच्या किंवा धमकीच्या सोबतीनेच नांदणारा. कविता महाजन यांनी शीर्षकात 'ब्र' ठेवला आणि भोवतीचा नकार काढून टाकला. विद्यार्थ्यांना हे दाखवून दिले की कादंबरीचा विषय त्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कथेच्या केंद्रस्थानी प्रफुल्ला आहे. मोडलेल्या संसारातून बाहेर पडलेली ही मध्यमवर्गीय, शिकलेली स्त्री एका स्वयंसेवी संस्थेच्या कामात शिरते आणि आदिवासी भागातील निवडून आलेल्या बायकांचा अभ्यास करू लागते. ती गावोगाव फिरते, सरपंच आणि पंच बायकांना भेटते, त्यांच्या हकिकती ऐकून टिपून घेते. या हकिकतींतून पंचायतीतले आरक्षण कागदावर कसे आहे आणि गावात कसे आहे, हे उलगडत जाते. त्याचबरोबर समाजसेवेच्या क्षेत्रातील सत्ता, पैसा आणि ढोंग यांचेही दर्शन घडते.

घाईत वाचणारा वाचक इथे प्रफुल्लाला नायिका ठरवतो. तिचा प्रवास म्हणजे गप्प बसणाऱ्या बाईचा बोलू लागणाऱ्या बाईपर्यंतचा प्रवास, असे म्हणून तो थांबतो. हे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण मग ज्या अनेक बायका या कादंबरीत बोलतात, त्या प्रफुल्लाच्या प्रवासाची पार्श्वभूमी होऊन बसतात.

चार प्रश्न

ही अपुरी बाजू भरून काढण्यासाठी चार प्रश्न सुचवावेसे वाटतात. ते कोणत्याही कादंबरीला विचारता येतील.

पहिला प्रश्न : कोण थेट बोलते आणि कुणाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडून येते? 'ब्र'मध्ये कथन प्रफुल्लाच्या नजरेतून पुढे जाते. आदिवासी बायकांचे अनुभव आपल्यापर्यंत येतात ते तिने ऐकले म्हणून, आणि तिने टिपले म्हणून. ही मध्यस्थी कादंबरी लपवत नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ मध्ये 'कॅन द सबाल्टर्न स्पीक?' या निबंधात हाच पेच मांडला होता : तळातल्या स्त्रीच्या वतीने बोलणारे इतके असतात की तिचे स्वतःचे बोलणे ऐकण्याची व्यवस्थाच उरत नाही. संस्थेचा अहवाल, सरकारी आकडा, अभ्यासकाची टिपणे ही सगळी अशी वतीने बोलण्याची रूपे आहेत. स्वयंसेवी क्षेत्रावर टीका करताना ही कादंबरी आपल्या नायिकेच्या वहीकडेही संशयाने पाहायला लावते. दुसरीचे दुःख टिपल्याने आपल्याला बळ मिळते. तिला काय मिळते?

दुसरा प्रश्न : क्रियापद कुणाचे आहे? निवडणुकीच्या संदर्भात आपण दोन वाक्ये सर्रास वापरतो. 'ती निवडणुकीला उभी राहिली' आणि 'तिला निवडणुकीला उभं केलं'. दोन्हींत उमेदवार तीच, पण दुसऱ्या वाक्यात कर्ता लपलेला आहे. नवरा, दीर, पाटील, पक्ष, यांपैकी कुणीतरी तिला उभे केले आणि स्वतः वाक्याबाहेर राहिला. 'तिनं सही केली' आणि 'तिची सही घेतली' यांतही हेच अंतर. 'तिला बसवलं', 'तिला बोलतं केलं', 'तिला सांगायला लावलं' अशी रूपे मराठीत विपुल आहेत. निवडून आलेल्या बाईची गोष्ट वाचताना ती 'उभं केलेली' कुठवर आहे आणि 'उभी राहिलेली' कुठून होते, ही जागा क्रियापदांतून शोधावी. बहुतेक वेळा तो बदल एखाद्या मोठ्या प्रसंगात नसतो. कुठल्यातरी साध्या वाक्यात कर्मपद कर्तृपद झालेले असते.

तिसरा प्रश्न : नाव कुणी ठेवले? मराठी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नव्या सुनेचे नाव लिहिण्याची चाल अनेक घरांत अजून आहे. कादंबरीत बाईला कोण कोणत्या नावाने हाक मारते, ते टिपून ठेवले तर सत्तेचा नकाशाच हाती येतो. माहेरचे नाव, सासरचे नाव, 'अमक्याची बायको', 'बाई', 'मॅडम', 'सरपंचीण'. शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर'मध्ये नोकरी करून घर सांभाळणारी रीटा विवाहित वरिष्ठाशी असलेल्या नात्यात अडकते आणि मनाने कोलमडल्यावर रुग्णालयात स्वतःकडे पाहू लागते. समाजाजवळ अशा बाईसाठी एकच शब्द तयार असतो. कादंबरीने मात्र तिचे पूर्ण नाव, आडनावासकट, शीर्षकात ठेवले आहे. तो निर्णय वाचनाचा भाग समजला पाहिजे.

चौथा प्रश्न : 'बाई' म्हणताना आपण कोणती बाई धरतो? १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी करताना दाखवून दिले, की स्त्रीचळवळीत 'स्त्री' म्हणून जी गृहीत धरली जात होती ती बहुधा सवर्ण होती आणि दलित चळवळीत 'दलित' म्हणून जो गृहीत होता तो पुरुष. त्याआधी १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना स्वतः बोलू दिले होते. 'ब्र' वाचताना हे भान आवश्यक आहे. प्रफुल्ला आणि आदिवासी सरपंच बाई या दोघीही पुरुषसत्तेच्या जाचात आहेत, हे खरे. पण प्रफुल्लाजवळ अक्षर आहे, प्रमाण मराठी आहे, निघून जाण्यासाठी एसटीचे भाडे आहे. दुसरीला त्याच गावात, त्याच लोकांमध्ये राहायचे आहे. दोघींच्या 'ब्र'ची किंमत सारखी नाही. हे अंतर ज्या वाचनात पुसले जाते, ते वाचन कितीही सहानुभूतीचे असले तरी अर्धेच राहते.

आपल्या प्रदेशातून वाचताना

'ब्र'ची भूमी महाराष्ट्रातली, पण मध्य प्रदेशातील मराठी वाचकाला तिच्यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. त्यानंतर १९९४ मध्येच नव्या रचनेनुसार पंचायत निवडणुका घेणारे मध्य प्रदेश हे पहिले राज्य ठरले. पुढे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. आणि याच काळात आपल्याकडे एक शब्द जन्माला आला : 'सरपंचपती'. निवडून आलेल्या बाईच्या नवऱ्याचे हे पद कोणत्याही कायद्यात नाही, तरी गाडीच्या काचेवर, फलकावर, बैठकीच्या खुर्चीवर ते दिसते. वर सांगितलेला वाक्याबाहेर लपलेला कर्ता इथे नाव धारण करून उघड उभा आहे. 'ब्र' आणि आपल्या गावांतला हा शब्द एकत्र वाचले तर दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

दुसरी गोष्ट भाषेची. भोपाळमध्ये भेलच्या कारखान्याबरोबर, गोविंदपुऱ्याच्या उद्योगांबरोबर आणि सरकारी नोकऱ्यांबरोबर अनेक मराठी घरे वसली. पुढे त्यांतली काही अयोध्या नगरासारख्या वसाहतींत पांगली. या घरांत बाहेरचे व्यवहार हिंदीत गेले आणि मराठी उरली ती स्वयंपाकघरात, देवघरात, आजीच्या गोष्टीत. म्हणजे भाषा टिकवण्याचे काम बायकांकडे आले. परंतु तीच बाई लिहायला किंवा सभेत बोलायला उभी राहिली, की तिचे मराठी अशुद्ध ठरते. विदर्भाकडून आलेल्या घरांतील बाई 'मी गेली होती' म्हणते. तिच्या मुलीच्या वहीत त्याखाली लाल रेघ येते आणि 'गेले' अशी दुरुस्ती होते. प्रमाण लेखनाचे शिक्षण हवेच. पण कथेतल्या पात्राच्या तोंडचे 'मी गेली' आपण चूक म्हणून खोडले, तर त्या बाईचा आवाजच खोडतो. आदिवासी स्त्रीच्या बोलीला कादंबरीत जागा हवी असे म्हणणाऱ्या आपण आपल्याच घरातल्या बोलीला कोणती जागा देतो, हे पाहिले पाहिजे.

एक दूरचे उदाहरण

लहान भाषा आणि बाईचा आवाज यांचा संबंध दाखवणारे एक उदाहरण स्पेनमधील कॅटलान भाषेत आहे. मर्से रोदोरेदा यांची 'ला प्लासा देल दियामान' ही कादंबरी १९६२ मध्ये आली. फ्रँकोच्या राजवटीत कॅटलान भाषेवर कठोर निर्बंध होते. रोदोरेदा जिनिव्हात निर्वासित म्हणून राहत होत्या, आणि तिथे त्यांनी ही कादंबरी आपल्याच भाषेत लिहिली. नातालिया ही बार्सिलोनातली साधी मुलगी. तिचा भावी नवरा तिला भेटताच 'कोलोमेता', म्हणजे छोटी कबुतरीण, म्हणू लागतो आणि तेच तिचे नाव होऊन बसते. पुढे तो घरात खरोखरच कबुतरे आणतो. त्यांची घाण उपसता उपसता तिचे घर तिचे राहत नाही. यादवी युद्धात नवरा जातो, उपासमार येते, मुलांना मारून आपणही मरावे इथपर्यंत ती पोचते. एका दुकानदाराच्या आधाराने ती वाचते. शेवटी ती जुन्या घराच्या दारावर सुरीने 'कोलोमेता' हे नाव कोरते, आणि मग चौकात जाऊन किंचाळते. इतकी वर्षे आत कोंडलेला आवाज त्या किंचाळीतून बाहेर पडतो.

नातालिया बंडखोर आहे का? रूढ अर्थाने मुळीच नाही. ती घर सोडत नाही, भाषण करत नाही. आपल्या स्वभावचित्राच्या चौकटीत ती 'सोशिक' या रकान्यात गेली असती. पण बोलण्याची वाटणी पाहिली तर दिसते, की तिच्या जगण्यात तिला शब्द नव्हता, आणि संपूर्ण कादंबरी मात्र तिच्याच तोंडून सांगितली आहे. जिला घरात कुणी ऐकले नाही, तिचे वाचक ऐकतो. 'ब्र' आणि ती किंचाळी या दोन्ही ठिकाणी वाक्य पुरे झालेले नसते. फक्त आवाज निघालेला असतो. तो आवाज ऐकून वाक्य पुरे होण्याची वाट पाहणे, हे वाचकाचे काम आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिक्षकांना या पद्धतीचा वापर सहज करता येईल. कादंबरीचे एखादे प्रकरण घेऊन विद्यार्थ्यांना अवतरणचिन्हांतील वाक्ये मोजायला सांगावीत : बायकांची किती, पुरुषांची किती, आणि बायकांच्या वाक्यांपैकी किती प्रश्नांना उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी त्याच प्रकरणातील स्त्रीपात्राची क्रियापदे अधोरेखित करावीत. कर्ता कुठे आहे आणि कुठे लपला आहे ते पाहावे. तिसऱ्या दिवशी तीच घटना कथनातील सर्वांत कमी बोलणाऱ्या बाईच्या तोंडून एका पानात लिहायला सांगावी, आणि बोली जशी येईल तशी येऊ द्यावी. या लेखनात विद्यार्थी अडखळतात, कारण त्या बाईविषयी आपल्याला किती थोडे सांगितले गेले आहे हे त्यांच्या तेव्हाच लक्षात येते. ते अडखळणे उत्तरपत्रिकेतल्या दहा विशेषणांपेक्षा मोलाचे समजावे.

लेखकांसाठीही यात एक सूचना आहे. स्त्रीपात्र प्रभावी करण्यासाठी तिला मोठे संवाद द्यावेत असे नव्हे. तिच्या बोलण्याला कथेत कुणीतरी उत्तर देते का, तिच्या एका वाक्याने कुठलीतरी गोष्ट बदलते का, हे पाहिले तरी पुष्कळ.

या पद्धतीला मर्यादा आहेत. मोजणीने कादंबरीचे सौंदर्य हाती येत नाही. मौन हे नेहमीच दडपणाचे लक्षण नसते. कधी ते नकार असते, कधी डावपेच असते, कधी विसावा असतो. गावच्या बैठकीत काहीही न बोलता सही करायला नकार देणारी बाई मौनानेच बोलत असते. म्हणून मोजणी ही सुरुवात समजावी, निष्कर्ष नव्हे. मात्र ही सुरुवात झाली की 'सोशिक' आणि 'बंडखोर' हे दोन रकाने पुरेनासे होतात, आणि विद्यार्थ्याला पात्राकडे पुन्हा परतावे लागते.

ताराबाईंनी १८८२ मध्ये विचारलेला प्रश्न, यमुनेच्या कहाणीच्या शीर्षकातला प्रश्न आणि 'ब्र' या एका अक्षराने उभा केलेला प्रश्न हे एकाच धाग्यातले आहेत. बायका मराठीत पूर्वीपासून बोलत आल्या आहेत. त्यांचे बोलणे नीट ऐकणारे वाचक घडवणे हे आपल्या वर्गांचे, वाचनगटांचे आणि नियतकालिकांचे काम आहे. पुढच्या परीक्षेत स्वभावचित्राच्या जागी 'या कादंबरीत कोणाचे म्हणणे ऐकले गेले नाही, आणि का?' असा प्रश्न घातला, तर त्या कामाला सुरुवात होईल.

अयोध्या नगर, भोपाळ